गद्दी मेंढपाळांकडे सहा रात्रींचा मुक्काम : मुंबईहून निघताना नेमकी तयारी काय?

चकवाचांदण | ४ जुलै, रात्री ९.४०

मंडळी, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघं मुलुंडहून हिमाचलात चंबा जिल्ह्यात, भरमौरच्या वरच्या अंगाला जातोय. सोय गावातल्या लोकांनीच मिळून केली आहे. तीन रात्री गावात एका गद्दी (तिथला मेंढपाळ समाज) कुटुंबाकडे आणि तीन रात्री वर कुरणात, कळपाजवळ. तंबू, स्वयंपाकी, गाइड असं काही नाही. कळप राखणारे, ज्यांना तिकडे पुहाल म्हणतात, जिथे झोपतील तिथेच आपण.

सह्याद्रीतल्या ट्रेकची तयारी येते. पण हे दुसऱ्याच्या कामाच्या जागी जाऊन राहणं आहे. दोन-तीनशे जनावरं आणि ती सांभाळणारी दोन माणसं. त्यात आपले चार जीव वाढले की त्यांचं पाणी, सरपण, वेळ, झोप सगळ्यावर भार पडतो. तो कमीत कमी पडावा अशी तयारी हवी आहे.

चौघांपैकी दोघं शाकाहारी, दोन बायका, दोन पुरुष. एकजण ५४ वर्षांचे, रक्तदाबाची गोळी चालू. महिना बरोबर आहे का? अंथरूण-पांघरूण काय न्यावं? शिधा किती? कुत्र्यांचं काय? पैसे कसे द्यावेत? जे माहीत असेल ते लिहा.

घाटमाथा | ४ जुलै, रात्री १०.१५

महिना चांगला निवडलात. गद्द्यांचं वर्ष डोळ्यासमोर ठेवा म्हणजे का ते कळेल. हिवाळ्यात कळप कांगडा, ऊना, पंजाबच्या सीमेलगतच्या कमी उंचीच्या टेकड्यांत असतात. एप्रिलमध्ये वर सरकू लागतात, मे-जूनमध्ये धौलाधार डोंगररांगेच्या खिंडी ओलांडतात आणि ऐन पावसाळ्यात बरेचसे लाहौलमध्ये किंवा अगदी वरच्या कुरणांत पोचतात. लाहौल पर्जन्यछायेत येतो, तिथलं गवत कसदार आणि जमीन कोरडी. ओल्या जमिनीत मेंढीचे खूर कुजतात, म्हणून हा सगळा खटाटोप. सप्टेंबरात परत फिरतात आणि ऑक्टोबरमध्ये गावांच्या आसपास असतात.

तुम्ही जाल तेव्हा कळप उतरत असेल. पाऊस ओसरलेला, आकाश मोकळं. जुलै-ऑगस्टमध्ये कोणी धौलाधारच्या कांगड्याकडच्या उतारावर बोलावलं तर जाऊ नका. धरमशाला देशातल्या सर्वाधिक पावसाच्या गावांत मोडतं, दरडींचा नेम नसतो.

एक मात्र लक्षात ठेवा. सप्टेंबर अखेरीसही वर बर्फ पडू शकतं. २०१८ मध्ये याच आठवड्यात लाहौलमध्ये अवकाळी बर्फ पडून शेकडो माणसं अडकली होती. बर्फाची चाहूल लागली की पुहाल तुमच्यासाठी थांबणार नाही, कळप घेऊन उतरेल. थांबूही नये.

लोकलवारी | ४ जुलै, रात्री १०.५२

इतक्या लांब कशाला? आपल्याकडे सह्याद्रीत धनगरवाडे आहेतच की. कल्याणहून तीन तासांत मेंढपाळांकडे पोचाल.

मेंढका | ४ जुलै, रात्री ११.३०

@लोकलवारी, इथे गल्लत होतेय. घाटमाथ्यावरचे धनगरवाडे बहुतेक गवळी धनगरांचे. त्यांच्याकडे म्हशी आणि गाई, व्यवसाय दुधातुपाचा. मेंढरं घेऊन फिरणारे धनगर वेगळे. ते पावसाळा देशावरच्या कोरड्या पट्ट्यात काढतात आणि दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात येतात. शेतकरी रात्री शेतात मेंढरं बसवून घेतो, लेंडीखत मिळतं, बदल्यात धान्य किंवा पैसे देतो. सप्टेंबरात तुम्ही कल्याणहून निघालात तर मेंढरू नाही, म्हैस भेटेल.

पण सराव म्हणून सूचना उत्तम आहे. दिवाळीनंतर पेण-रोहा भागात धनगरांचा तळ उतरलेला असतो. लांबून बघून, बोलून, परवानगी घेऊन एक संध्याकाळ तिथे घालवली तरी कळपाची चाल, कुत्री, कोकरं, रात्रीची राखण याचा अंदाज येतो. चकवाचांदण, तुमच्या तारखांना ते जमणार नाही, पण पुढच्या वर्षी जाणाऱ्यांनी करावं.

काढाचहा | ५ जुलै, सकाळी ७.०५

उंचीबद्दल लिहिते, कारण मुंबईची माणसं शून्य मीटरवरून निघतात.

वांद्रे टर्मिनसहून पठाणकोट कँट, तिथून बसने चंबा (साधारण १२० किमी), पुढे भरमौर (साठ-पासष्ट किमी). चंबा हजार मीटरच्या आत, भरमौर दोन हजारांच्या थोडं वर. रेल्वेने जाण्याचा फायदा हा की शरीराला टप्पे मिळतात. भरमौरच्या आसपास दोन रात्री काढा, मग गावातल्या तीन रात्री, मग वर. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त चढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावं. दिवसा वर फिरून रात्री खाली येणं चालतं, मोजायची ती झोपेची उंची.

अ‍ॅसिटाझोलामाइड १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून, हा उंचीवरच्या विरळ हवेचा त्रास टाळण्यासाठीचा नेहमीचा डोस. पण डॉक्टरांना विचारूनच. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगायलाच हवं. या गोळीने लघवी जास्त होते. रक्तदाबाच्या काही गोळ्याही लघवी वाढवणाऱ्या असतात, त्यामुळे ५४ वर्षांच्या काकांनी दोन्ही गोळ्या डॉक्टरांसमोर ठेवून निर्णय घ्यावा.

डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं असेल तर आणखी चढायचं नाही. चालताना झोकांडी जाऊ लागली, बोलणं तुटक झालं किंवा बसल्या जागी धाप लागून खोकला सुरू झाला, तर रात्र असली तरी सोबत घेऊन खाली उतरायचं. सकाळची वाट पाहायची नाही. हे चौघांनीही पाठ करा. ज्याला त्रास होतो, त्याला स्वतःला बऱ्याचदा कळत नाही.

पायताण | ५ जुलै, सकाळी ९.२०

शरीराची तयारी. वेळ आहे अडीच महिने.

मुंबईत चढ नाही म्हणतात, पण प्रत्येक बिल्डिंगला जिना आहे. एक मजला तीन मीटर धरा. पंधरा मजले म्हणजे ४५ मीटर, दहा फेऱ्या म्हणजे ४५० मीटर चढ आणि तितकाच उतार. लोक चढून लिफ्टने खाली येतात, तिथेच चुकतं. मांडीचे स्नायू उतरताना जास्त फाटतात, दुसऱ्या दिवशी पाय धरतात ते त्यामुळे. उतार जिन्यानेच उतरा. पहिले तीन आठवडे रिकाम्या पाठीने, मग पाण्याच्या बाटल्या भरून ३ किलो, शेवटी ८ किलो. आठवड्याला तीन दिवस पुरे. दर पंधरवड्याला एकदा दगडगोट्यांची वाट हवी, उदाहरणार्थ कोंडिवड्याकडून राजमाची. नॅशनल पार्कातला डांबरी रस्ता यासाठी कामाचा नाही.

बूट आत्ताच काढून बघा. माळ्यावर दोन-तीन वर्षं पडलेले चांगले बूटसुद्धा मुंबईच्या दमट हवेत आतून मरतात. तळ आणि वरचा भाग यांच्यामधला पॉलियुरेथेनचा थर हवेतल्या ओलाव्याने कुजतो. वरून बूट नवा दिसतो आणि वापरायला लागलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सोल सबंध सुटून येतो. अंगठ्याने मधला थर जोरात दाबा. भुसभुशीत लागला, भेगा दिसल्या किंवा चिकट झाला असेल तर टाकून द्या. नवे घेतलेत तर निदान ६०-७० किमी चालून मगच न्या.

ओलीसुकी | ५ जुलै, सकाळी ११.१०

पायताण यांच्या बुटांना जोडून स्लीपिंग बॅग. पिसांची बॅग मुंबईत गच्च दाबून ठेवली की पिसं दमट होऊन गोळा होतात आणि ऊब जाते. मोठ्या सुती खोळीत सैल टांगून ठेवा, नेण्याआधी दोन दिवस पंख्याखाली पसरा. बॅगेवर दोन तापमानं लिहिलेली असतात, कम्फर्ट (आरामात झोप लागेल ते) आणि लिमिट (कसंबसं निभेल ते). विकत घेताना कम्फर्ट बघा. शून्य ते उणे पाच कम्फर्टची बॅग तुम्हाला पुरावी. खाली मॅट हवीच, थंडी जमिनीतून येते.

आता महत्त्वाचं. पुहाल झोपतात कातळाच्या कपारीत किंवा दगडांच्या आडोशामागे ताडपत्री लावून, आणि शेजारी चूल पेटती असते. नायलॉनच्या जॅकेटवर एक ठिणगी पडली की भोक पडतं. लोकर सहसा पेट घेत नाही, जळून विझते. म्हणून शेकोटीपाशी अंगावर लोकरीचंच काहीतरी घ्या आणि पफर जॅकेट झोपताना वापरा.

मेंढका | ५ जुलै, दुपारी १२.३५

मग घोंगडी न्या की! लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास तीस टक्के ओलावा पिते तरी हाताला ओली लागत नाही. धुकं, दव, ठिणगी, काटा, सगळ्याला पुरून उरते.

ओलीसुकी | ५ जुलै, दुपारी १२.५८

@मेंढका, घोंगडीवर माझंही प्रेम आहे, पण नव्या घोंगडीला चिंचोक्याची खळ दिलेली असते. ती भिजली की चिकट होते आणि वजन वाढतं. दोन-अडीच किलो पाठीवर घेऊन ३,००० मीटर उंचीवर चढायचं का? त्यापेक्षा तिथला पट्टू, म्हणजे लोकरीचं पांघरूण, वापरा. हातमागावर विणलेला, जाड. ज्या घरी राहाल तिथे पट्टू भाड्याने मिळतील का ते आधी विचारा. त्यांच्या लोकरीचे चार पैसे त्यांच्याच घरात जातील. लोकरीला भाव मिळत नाही ही त्या सगळ्या पट्ट्याची मोठी अडचण आहे.

मेंढका | ५ जुलै, दुपारी १.०२

खळ धुऊन मऊ केलेली जुनी घोंगडी म्हणत होतो मी. पण पट्टूचं पटलं. मागे घेतो.

काटेकोर | ५ जुलै, दुपारी ३.४५

शिधा. चौघांपुरता धरू नका, दोन पुहालही तुमच्याबरोबर जेवणार. सहा माणसं, तीन दिवस, म्हणजे अठरा माणूस-दिवस. दर माणशी दर दिवशी पीठ ३७५ ग्रॅम, डाळ ८० ग्रॅम, तूप-तेल मिळून ४० ग्रॅम, गूळ ५० ग्रॅम. हिशोब असा:

पीठ पावणेसात किलो (अर्धं गव्हाचं, अर्धं मक्याचं)
डाळ दीड किलो
तूप-तेल पाऊण किलो
गूळ ९०० ग्रॅम

शिवाय चहा पावशेर, साखर एक किलो, कांदे-बटाटे पाच किलो, मीठ, हळद, मिरची. वर एक दिवसाचा राखीव शिधा. हे सगळं मुंबईहून नेऊ नका, चंब्यात घ्या. मुंबईहून फक्त तिथे न मिळणारं न्या : मेतकूट, गोडा मसाला, दाण्याचे लाडू.

डाळ कोणती, ते महत्त्वाचं. ३,३०० मीटरवर पाणी साधारण ८९ अंशालाच उकळतं. राजमा किंवा तूरडाळ उघड्या भांड्यात तासन्‌तास शिजत नाही आणि तेवढं सरपण जळतं. झाडांच्या रेषेच्या वर लाकूड खालून वाहून आणावं लागतं. म्हणून मूगडाळ किंवा मसूर, तीही दोन तास भिजवून, आणि कुकरमध्ये. त्यांच्याकडे कुकर असतोच, पण सहा माणसांना पुरेल एवढा आहे का, ते विचारा.

शाकाहारी दोघांनी पोचल्याबरोबर सांगून टाकावं. गद्दी शिवभक्त आहेत आणि त्यांच्या नुआला या शिवपूजेत रात्रभर गाणी होतात, बळी दिला जातो, प्रसाद म्हणून मांस वाटतात. तुम्ही असताना नुआला निघाला तर आमंत्रण हा मान आहे. जाऊन बसा. खात नाही म्हणून हात जोडलेत तरी कोणाला राग येत नाही, तोंड वाकडं केलं तर येतो.

शेळीचं दूध उकळूनच प्या. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस होतो, आणि तो ताप महिनोन्‌महिने रेंगाळतो. उकळी ८९ अंशाची असली तरी जंतू मारायला पुरेशी आहे.

रानवाटा | ५ जुलै, संध्याकाळी ६.२०

कुत्री. यात चूक करू नका.

गद्दी कुत्रं दिसायला केसाळ आणि गोड असतं, पण त्याच्या गळ्यातला खिळ्यांचा लोखंडी पट्टा शोभेचा नाही. बिबट्या मानेला धरतो, म्हणून तो घालतात. कळप आणि आपल्यामध्ये जे येईल त्यावर धावून जाणं हेच त्याचं काम.

कळप दिसला की शंभर पावलांवर थांबा. हाक मारा. पुहाल येऊन कुत्र्यांना आवरेपर्यंत पाऊल पुढे टाकायचं नाही. कुत्रं आलंच तर पळू नका, काठी उगारू नका, डोळ्यात बघू नका, कळपापासून बाजूला हळू सरका. रात्री लघवीला उठलात तर आधी पुहालला आवाज द्या, टॉर्च जमिनीवर मारा. कळपावर एकदम झोत पडला की मेंढरं उधळतात आणि अंधारात कड्यावरून जातात.

निघण्याआधी डॉक्टरांना विचारून रेबीजची आगाऊ लस घ्या, धनुर्वाताची बघून घ्या. चावलं तर साबण-पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुवा आणि डॉक्टरांकडे जायला उतरा. ओळख झाल्यावर कुत्र्याला कुरवाळलंत तर जेवणाआधी हात साबणाने धुवा. मेंढीचं यकृत-फुप्फुसं खाणाऱ्या कुत्र्याच्या विष्ठेतून एका फीतकृमीची अंडी पसरतात आणि माणसाच्या यकृतात गाठी होतात.

दुसरं म्हणजे, उतारावर कळपाच्या खाली कधीही उभे राहू नका. दोनशे जनावरांच्या खुरांनी दगड सुटतात. बाजूने किंवा वरून चाला. अरुंद जागी शेळ्या आधी जातात, मेंढ्या त्यांच्या मागे. शेळ्यांच्या वाटेत फोटोसाठी उभे राहिलात तर अख्खा कळप अडतो.

लोकलवारी | ५ जुलै, रात्री ८.०५

आम्ही दहा जुनी स्वेटर, चॉकलेटं आणि औषधांचा डबा न्यायचो वाटायला. तसं करावं का?

काढाचहा | ५ जुलै, रात्री ८.३०

औषधं वाटू नका. मात्रा, अ‍ॅलर्जी, आधीची दुखणी काहीच माहीत नसताना अँटिबायोटिक हातात देणं धोक्याचं आहे. स्वतःपुरती पेटी ठेवा.

घाटमाथा | ५ जुलै, रात्री ९.१०

जुने कपडेही नकोत. ज्यांच्या चोळ्याची (अंगातल्या जाड लोकरी झग्याची) लोकर त्यांच्याच मेंढ्यांची आहे, त्यांना आपलं जुनं सिंथेटिक कशाला? काही न्यायचंच असेल तर फोनवर विचारून : हेडटॉर्च, जाड ताडपत्री, चांगला दोर, चार्जिंगचा सौर दिवा. कामाला येतं ते.

पैशांबद्दल. दर आधी ठरवा आणि तो चार भागांत विचारा : घरातला मुक्काम-जेवण, वर नेणाऱ्याची मजुरी, खेचराचं भाडं (परतीचा रिकामा दिवस धरूनच), आणि पुहालचे वेगळे. हा शेवटचा भाग लोक विसरतात. कळपाचा मालक आणि राखणारा पुहाल बऱ्याचदा वेगळे असतात, पुहाल मजुरीवर असतो. मालकाला दिलेले त्याच्यापर्यंत पोचतीलच असं नाही.

काटेकोर | ५ जुलै, रात्री ९.४०

इथे थोडं वेगळं मत. गावाने मिळून व्यवस्था केली असेल तर पुहालला परस्पर जास्तीचे देऊ नका. एकाला दोन हजार दिले की पुढच्या पाहुण्यांसाठी भांडण लागतं, आणि पाळीने घरं लावण्याची पद्धत मोडते. पुहालचा वाटा किती, तो कोण देतो, हे आधीच सगळ्यांसमोर विचारा. आणि हिमाचलात २००८ पासून होम स्टेची सरकारी नोंदणी आहे. ज्या घरी राहणार त्याची नोंद आहे का, हेही विचारायला हरकत नाही.

घाटमाथा | ५ जुलै, रात्री ९.५५

सगळ्यांसमोर विचारणं हे जास्त बरोबर. फक्त विचाराच, एवढंच म्हणणं.

चुलीपाशी | ६ जुलै, सकाळी ८.१५

दोघी बायकांसाठी. वरच्या तळांवर आता बहुतेक पुरुषच असतात, घरच्या बायका गावात शेती-गुरं सांभाळतात. त्यामुळे कपारीत वेगळी जागा मिळेलच असं नाही. एक छोटा दोन माणसांचा तंबू स्वतःचा न्या. कुठे लावायचा ते पुहाल सांगेल, मेंढरं बसण्याच्या जागेवर लावू नका.

शौचाला पाण्यापासून साठ मीटर दूर, झऱ्याच्या खालच्या अंगाला, वीतभर खड्डा. बुजवल्यावर वर जड दगड ठेवा, नाहीतर कुत्री उकरतात. पॅड चुलीत टाकायचे नाहीत, दुहेरी पिशवीत बांधून चंब्यापर्यंत परत आणायचे. आणि गावात घरच्या बायकांबरोबरच्या तीन रात्रींना वरच्या तीन रात्रींपेक्षा कमी लेखू नका. सूत कातणं, दोरा वळणं, लुआंचडी (गद्दी बायकांचा घेरदार पोशाख) शिवणं सगळं तिथेच बघायला मिळतं. दोरा म्हणजे कमरेला अनेक वेढे घेऊन बांधायचा लोकरीचा काळा दोर. त्याच्या वरच्या चोळ्याच्या झोळात पुहाल नवजात कोकरू घेऊन चालतो.

काढाचहा | ६ जुलै, सकाळी ८.५०

एक राहिलंच. सप्टेंबर-ऑक्टोबर हा हिमाचलात स्क्रब टायफसचा काळ. गवतातल्या बारीक किड्याच्या चावण्याने होतो. पूर्ण बाह्या, पँट मोज्यांत खोचलेली, गवतावर थेट बसायचं-झोपायचं नाही, रोज रात्री काखा-जांघा-कमरपट्टा तपासायचा. ताप यायला एक ते तीन आठवडे लागतात, म्हणजे तुम्ही तेव्हा मुंबईत असाल आणि ऑक्टोबरात इथे सगळे डेंगी-मलेरियाच्याच तपासण्या करतात. डॉक्टरांना "हिमाचलात गवतात, मेंढ्यांजवळ राहिलो होतो" हे वाक्य आपणहून सांगा. अंगावर कुठे काळी खपली दिसली तर दाखवा. वेळेत डॉक्सिसायक्लिन मिळालं की बरा होतो, उशीर झाला तर जिवावर बेततो.

लोकलवारी | ६ जुलै, सकाळी १०.००

फोन चालेल का? माझा विरारचा प्रीपेड नंबर आहे.

रानवाटा | ६ जुलै, सकाळी १०.२५

हिमाचलात चालतो. बाहेरचे प्रीपेड बंद पडतात ते जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये. पण वर कुरणात रेंज धरूच नका, यूपीआयही नाही. शंभर-दोनशेच्या नोटा चंब्यातच काढून ठेवा. सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र परवानगीशिवाय नेणं भारतात गुन्हा आहे, परदेशातल्या भावाने दिलं असलं तरी. आणि गॅसचा डबा रेल्वेतही नाही, विमानातही नाही.

चकवाचांदण | ७ जुलै, रात्री ९.१५

सगळ्यांचे मनापासून आभार. बेत बदलला. भरमौरला दोन रात्री वाढवल्या. काका डॉक्टरांना भेटले, ते गावातच थांबतील आणि दिवसा जमेल तेवढं वर येऊन परत उतरतील. म्हणजे वर पाच माणसं, पंधरा माणूस-दिवस, शिधा त्या हिशोबाने. एका जोडीच्या बुटाचा मधला थर दाबल्यावर चुरा झाला, ती जोडी गेली. पट्टूचं गावात विचारलं, सहा मिळतील. पुहालचा वाटा किती, तेही सगळ्यांसमोर ठरवून घेतोय.

परतीचं तिकीट कोणत्या तारखेचं काढावं? उतरल्याच्या दुसऱ्या दिवशीचं ठीक आहे?

घाटमाथा | ७ जुलै, रात्री ९.५०

नाही. चंबा-भरमौर रस्त्यावर दरड आली की दिवस-दीड दिवस जातो. उतरण्याचा दिवस आणि पठाणकोटची गाडी यांच्यात पूर्ण दोन दिवस मोकळे ठेवा. रस्ता चालू असला तर चंब्यात भुरीसिंह संग्रहालय आणि लक्ष्मीनारायण मंदिर बघून होईल. आरक्षण आता ६० दिवस आधीच उघडतं, म्हणजे जुलै अखेरीला खिडकीशी तयार राहा.

आणि चंब्याहून निघायच्या आदल्या संध्याकाळी गावात फोन करून कळप नेमका कोणत्या धारेवर, म्हणजे डोंगरावरच्या कुरणात, आहे ते विचारा. थंडी लवकर पडली तर तुमच्या तारखेच्या आधीच तो खाली आलेला असेल, मग ताडपत्री आणि शिधा वर चढवायची गरजच नाही. गावाजवळच्या कापलेल्या मक्याच्या शेतात बसलेला सापडेल.